गोधडीखालचा चंदेरी रंग

बडनेरा

माझ्या कामाचं नाव सांगितलं की लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत. मी गॅस टर्बाइन तपासते. विमानाच्या पंखाखाली जे इंजिन असतं, त्याचं जमिनीवर बसवलेलं भावंड म्हणजे गॅस टर्बाइन. एका तोंडाने हवा ओढायची, पोटात गॅस जाळायचा, त्या झोतावर पाती फिरवायची आणि वीज काढायची. शेपटाकडून जी गरम हवा निघते तिच्यावर कारखान्याची वाफ होते. वर्षाकाठी एकदा हे यंत्र बंद करून निववतात आणि आमच्यासारख्यांना बोलावतात. आम्ही अंगावरचं मंगळसूत्र, घड्याळ, केसांतल्या पिना सगळं काढून ठेवतो आणि बोटभर भोकातून कॅमेरा आत सोडून एकेक पातं बघतो. सासूबाई माझी ओळख करून देताना ‘ही इंजिनात डोकावते’ एवढंच सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही.

जानेवारीत अमरावतीचं काम आलं. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायचा एक कारखाना आहे, तिथलं लहानसं टर्बाइन. पुण्याहून गाडीत बसले आणि सकाळी बडनेऱ्याला उतरले तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. आमच्याकडे धातूतली भेग शोधायला एक लाल द्रव असतो. तो फवारायचा, पुसायचा, वर पांढरी भुकटी मारायची. भेग असली तर आत शिरलेला लाल रंग वर येऊन रेघ दाखवतो. त्याच्या डब्याचं तोंड प्रवासात मोडलं आणि तो माझ्या बॅगेत, म्हणजे माझ्या सगळ्या कपड्यांत, मनसोक्त शिरला होता.

मला न्यायला शेषराव वानखडे आले होते. टर्बाइन चालवणाऱ्या माणसांचे ते प्रमुख. पन्नाशीचे, रुंद, डोक्याला मफलर, पायात चकचकीत बूट. त्यांची नजर माझ्या हातांवर गेली आणि ते जागच्या जागी थबकले.

“लागलं का काय म्याडम?”

“रंग आहे.”

“रंग हाय नं? मंग काई नाई. चला, आंधी नाश्ता करा.”

मी म्हटलं, आधी काम. आमच्यात एक जुनी शिस्त आहे. ज्याचं यंत्र तपासायचं त्याच्याकडे काम होईपर्यंत चहापलीकडे काही घ्यायचं नाही. मला शिकवणाऱ्या सरांनी ती घालून दिली आणि मी ती भरूच, जामनगर, पार केरळपर्यंत पाळली. वऱ्हाडात ती बडनेरा स्टेशनच्या फाटकाबाहेरही टिकली नाही. वानखड्यांनी गाडी एका हातगाडीपाशी उभी केली आणि माझ्या हातात गिलावड्याची प्लेट ठेवली. रश्श्यात बुडून मऊ झालेला वडा, वरून दही, वरून तिखट चटणी. पुण्यात ‘तिखट चालेल ना?’ असं विचारून मग गोड वाढतात. इथे कुणी विचारलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा वानखडे समाधानाने म्हणाले, “आता थंडी गेली तुमची.”

यंत्रापाशी

कारखान्यात आधी व्यवस्थापकांची भेट. तरुण, नीटनेटके, स्वतःही दोनच वर्षांपूर्वी मुंबईहून आलेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि सरळ सांगितलं. यंत्राला गॅस जास्त लागायला लागलाय. मालकांना वाटतं की शेडमधले लोक काहीतरी बिघाड झाकतायत. “तसं आढळलं तर रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा, मॅडम. वानखडे प्रमुख आहेत. त्यांना मग ठेवता येणार नाही. मला वाईट वाटेल, पण वरून तसं ठरलंय.”

हे ऐकून मी शेडमध्ये गेले. यंत्र चंदेरी रंगाने लखलखत होतं. नवाकोरा रंग. गरम भागांवर उष्णता धरून ठेवायला जाड आच्छादनं असतात, आम्ही त्यांना गोधड्याच म्हणतो. त्या गोधड्या काढून त्यांच्या खालीसुद्धा रंग दिला होता. पाइपांना रंग, पायऱ्यांना रंग. नावाच्या पाटीवरची अक्षरं पिवळ्या रंगाने कोरून काढलेली. कॅमेरा घालायच्या भोकांची बुचंसुद्धा रंगात बुजली होती. पाचसहा माणसं धुतलेले कपडे घालून रांगेत उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

आता त्यांना काय सांगणार? आमच्या धंद्यात जुन्या यंत्रावर नवा रंग दिसला की पहिला विचार एकच येतो, की खाली काय आहे? भेग झाकायची सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे रंग. मी पूर्वी पाहिलंय. एका ठिकाणी तर रंगाखालच्या भेगेत साबण भरलेला निघाला होता.

“कशी वाटली मशीन?” वानखड्यांनी विचारलं.

“छान,” मी म्हटलं आणि फोटो काढून पुण्याला आमच्या साहेबांना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं. सगळा रंग उतरवून बघ.

आधी आतलं काम केलं. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने लांब दांड्याच्या पान्याने यंत्राचा गाभा हाताने हळूहळू फिरवायचा, दुसऱ्याने कॅमेऱ्यातून समोर येणारं पातं बघायचं. फिरवायला वानखडे स्वतः बसले. मी ‘थांबा’ म्हणायचं, ‘चला’ म्हणायचं. दुपारपर्यंत आमच्यात या दोन शब्दांपलीकडे बोलणं झालं नाही. पण हात काय चांगला होता त्यांचा! एकदाही हिसका नाही. पाती बघून मी सुखावले. थोडी कापसाची बारीक धूळ चिकटलेली, या मुलखात ती असायचीच. बाकी एकाही पात्याला ओरखडा नव्हता. हे यंत्र कुणीतरी मायेने चालवलेलं होतं, याबद्दल मला शंका उरली नाही.

उरली ती बाहेरच्या कवचाबद्दल. “हा रंग काढावा लागेल,” मी म्हटलं. “सगळा.”

रांगेतल्या माणसांचे चेहरे असे पडले की मलाच कसंसं झालं. एकजण पुटपुटला, “काहून पन? आताच तं देल्ला...” वानखड्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाह्या सरसावल्या आणि रंग विरघळवायच्या द्रवाचा डबा स्वतः उघडला.

“काढा रे,” ते म्हणाले. “म्याडम म्हनते तं काढा.”

भातकुली

वानखड्यांचं घर भातकुलीकडे. कारखान्याच्या विश्रामगृहात माझी सोय होती, पण ‘घरी सैपाक करून ठेवला हाय’ हे वाक्य वऱ्हाडात निमंत्रण नसतं, हुकूम असतो. गाडीतून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं होती. तूर वाळत आलेली, कपाशीच्या झाडांना शेवटची बोंडं चिकटलेली. मला डोंगर नसले की चुकल्यासारखं होतं. इथे आभाळ थेट जमिनीवर टेकलं होतं आणि मधे अडवायला काही नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात मला ते रिकामं वाटलं, मग आवडायला लागलं.

घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली वानखड्यांच्या मुलीचा पदवीच्या झग्यातला फोटो. ती नागपूरला नोकरी करते. वानखड्यांच्या पत्नी मंगलाताई तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “नळाचं हाय, प्या बिनधास्त. हिरीचं नाई देत आमी पावन्याले.” हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. पुण्यात पाणी विचारतात ती रीत म्हणून. इथे पाणी पुढे करताना ते कुठलं हेही सांगतात.

जेवायला पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची झणझणीत भाजी, ज्वारीची भाकरी, वांगं, तुरीच्या उकडलेल्या शेंगा, मिरचीचा ठेचा, आणि मी तिखटाला कच्ची आहे ही बातमी बडनेऱ्याहून पोचली असल्यामुळे एक वाटी दही. मी हात आखडता घेऊ लागले की मंगलाताईंची भाकरी ताटात आलीच.

“खाऊन घ्या नं वो ताई. तिकडं तुमचं कोन पाह्यते खाल्लं का नाई खाल्लं ते?”

मी मान खाली घालून जेवत होते. रंगाबद्दल त्या घरात कुणी अक्षर काढलं नाही. व्यवस्थापक मला काय म्हणाले हे त्यांना ठाऊक होतं की नाही, कळत नव्हतं. सरांची शिस्त कशासाठी होती ते मला त्या ताटावर नीट कळलं. उद्या कवचावर भेग निघाली तर याच माणसाची नोकरी माझ्या सहीने जाणार होती, आणि मी त्याच्या बायकोच्या हातची तिसरी भाकरी खात होते. मला स्वतःचा राग आला. तरी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, कारण ती तशी होतीच.

अकोला

लाल द्रव माझ्या कपड्यांवर संपला होता आणि अमरावतीतल्या दुकानांत मिळेना. अकोल्याला वेल्डिंगचं सामान विकणाऱ्याकडे आहे असं कळलं, म्हणून सकाळी वानखडे आणि मी निघालो. मूर्तिजापूरपर्यंत वानखडे गप्प होते. वाटेत संत्र्यांचा ढीग दिसला तेव्हा उतरून पिशवीभर घेऊन आले, माझ्या मांडीवर ठेवली, आणि गाडी सुरू करता करता म्हणाले,

“तुमाले वाटून राह्यलं का आमी काई लपवलं?”

पुण्यात हा प्रश्न विचारायला तीन भेटी आणि दोन मध्यस्थ लागले असते. मग मीही सरळ सांगितलं. “वाटतंय. नवा रंग दिसला की आम्हाला वाटतंच. तुम्ही रंग का दिला?”

“काहून म्हंजे?” ते खरोखरच चकित झाले. “तुमी येनार व्हत्या नं. वर्सातून एक डाव कोनी पाह्याले येते मशीनले. घरी सोयरे येनार असले तं आपन भिताडाले पोतारा नाई करत का? तशीच मळकी दाखवाची का तुमाले?”

“मग गोधडीच्या खाली कशाला रंगवलं? तिथे कोण बघतं?”

“तुमी पाह्यता नं!”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. हसू आवरत नव्हतं आणि त्याच वेळी काळजीही वाटत होती, कारण हे उत्तर मला शंभर टक्के पटलं तरी मालकांना पटणार नव्हतं. थोड्या वेळाने मी विचारलं, “रंगवायच्या आधी घासलंत तेव्हा काही दिसलं होतं?”

ते जरा वेळ आठवत राहिले. “खालच्या अंगाले एक काळा डाग व्हता. बोटाएवढा. तेल जळलं असंन म्हनून म्या पॉलिशपेपरनं घासला, पुसला. साफ झाला. काहून?”

कवचाला भेग असली की आतला गरम वायू झिरपतो आणि तिथे काळं धरतं. तो डाग म्हणजे यंत्राने केलेली तक्रार होती. आणि या भल्या माणसाने पाहुणे यायच्या आत पोराचं तोंड पुसावं तसा तो पुसून टाकला होता.

“बोला नं म्याडम.”

“तिथे भेग असू शकते,” मी म्हटलं.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. समोरून कापसाने शिगोशीग भरलेला ट्रक गेला आणि काचेवर पांढरे पुंजके उडाले. “म्हंजे म्याच निशानी पुसली,” ते म्हणाले. “एवढे वर्स मशीनपाशी काढून.” मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. मी पिशवीतलं संत्रं सोलून अर्धं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं आणि नुसतं हातात धरून ठेवलं.

अकोल्यात द्रवाचे डबे मिळाले. दुकानदार म्हातारा होता. त्याने ते कशाला हवेत, यंत्र कुठलं, माझं माहेर कुठलं, नवऱ्याला असलं काम चालतं का, हे सगळं विचारून मगच बिल केलं. चालतं म्हटल्यावर त्याने चहा मागवला. परतताना वानखड्यांनी मला जेवल्याशिवाय पुढे नेलं नाही. स्वतः मात्र ताट तसंच सरकवलं.

पुन्हा शेडमध्ये

रंग उतरवलेलं यंत्र करडं, डागाळलेलं, वयस्क दिसत होतं. मी खाली आडवी झाले. वानखड्यांनी जागा दाखवली. फवारलं, थांबले, पुसलं, पांढरी भुकटी मारली. सगळे वाकून बघत होते. पांढऱ्यावर आधी एक लाल ठिपका उगवला, मग दुसरा, आणि मग केसासारखी रेघ एका बोल्टपासून दुसऱ्याकडे निघाली.

“हेच,” वानखडे म्हणाले. “इथंच व्हता डाग.” त्यांच्या मागे उभे असलेले व्यवस्थापक हे ऐकत होते, आणि ते ऐकतायत हे वानखड्यांना दिसत होतं.

सगळे गेल्यावर मी भुकटी पुसली आणि भिंग लावून ती जागा पुन्हा बघितली. पॉलिशपेपरचे ओरखडे तिथे स्पष्ट होते. बारीक, सरळ, एका दिशेचे. ते भेगेवरून जसेच्या तसे पलीकडे गेले होते. कुठे दाब कमी नाही, कुठे जास्त नाही, कुठे वळसा नाही. भेग ठाऊक असलेल्या माणसाचा हात तिथे अडखळतो. एक तर तो तिथे जास्त घासतो, नाही तर टाळून जातो. भेगेत पुट्टी भरतो, काहीतरी करतो. आणि लपवणारा माणूस एवढीशी जागा रंगवतो. पाटीवरची अक्षरं पिवळी करत बसत नाही, कॅमेऱ्याच्या बुचांनाही रंग फासत नाही. मी ओरखड्यांचे जवळून फोटो घेतले. वानखड्यांनी भेग बघितली नव्हती, हे आता मला नुसतं वाटत नव्हतं, दिसत होतं.

व्यवस्थापकांच्या खोलीत मी सांगितलं, “कवच काढून दुरुस्तीला पाठवा. तोवर यंत्र बंद. गॅस जास्त का लागत होता त्याचंही थोडंफार उत्तर यात असेल. आतली पाती उत्तम आहेत.”

“आणि वानखडे?”

वानखडे तिथेच उभे होते. माझ्या आधी तेच बोलले. “लिहा म्याडम. डाग म्या पुसला, रंग बी म्याच देल्ला. पोरायचं नाव नोका लिहू, त्यायले म्याच सांगितलं व्हतं.”

“भेग माहीत होती का, ते विचारतोय मी,” व्यवस्थापक म्हणाले.

“नाई माहीत. पन नाई माहीत हे का कमी हाय का?”

व्यवस्थापकांनी कागद उगाच सरळ केले. “रिपोर्टमध्ये काय येतं ते बघू,” एवढंच ते म्हणाले.

पुणे

निघताना बडनेऱ्याला मंगलाताई स्वतः आल्या होत्या. वानखडे शेडमध्ये कवचाचे बोल्ट काढत होते म्हणून येऊ शकले नाहीत. डब्यात भाकरी, ठेचा आणि दही होतं, वर एक जुनी साडी घडी करून ठेवलेली. “तुमचे कपडे लाल झाले म्हने सगळे. गाडीत पांघराले घ्या.” मी विचारलं, “वानखडे काय म्हणतात?” त्या म्हणाल्या, “काल जेवले नाई. तुमी लिहाचं ते लिहा ताई, खरं असंन ते. डबा परत नोका पाठवू.” गाडी हलेपर्यंत त्या खिडकीशी उभ्या होत्या. मला रडू आलं आणि समोरच्या बाकावरच्या बाईंना वाटलं मी माहेराहून निघालेय.

घरी येऊन रिपोर्ट लिहिला. पाती, भेगेची जागा, लांबी, फोटो. पुसलेल्या डागाबद्दलही लिहिलं, वानखड्यांनी स्वतः सांगितलं तसं. मग ओरखड्यांचे फोटो जोडून त्याखाली लिहिलं, की घासताना भेग लक्षात आलेली नव्हती, आणि रंग काही झाकण्यासाठी नव्हे तर पाहुण्यांसाठी दिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. कडक माणूस, माझ्या रिपोर्टमधला एक फालतू शब्द कधी सोडलेला नाही.

“ओरखड्यांचं पटलं. डागाचंही ठीक. पण हे काय लिहिलंयस? यंत्राला रंग पाहुण्यांसाठी दिला? आपल्या रिपोर्टमध्ये असलं कधी गेलंय का? उद्या मालक मला विचारतील, शेडमध्ये पाहुणे कोण आले होते. काय सांगू त्यांना? कोण पाहुणे?”

“मी,” मी म्हटलं.

साहेबांनी ते वाक्य राहू दिलं, आणि वानखडे कामावर राहिले.